मुरलेलं पाणी

४ नोव्हेंबर

ठकी आली. आली म्हणजे, आणली. हे सकाळी टेम्पो करून गेले आणि दुपारी तिला घेऊन आले. बरोबर दोन सुटकेस, एक रिकामा काचेचा टँक, झाकणाच्या बादलीत मासे आणि कॅन भरभरून पाणी. मी दारातच विचारलं, ‘अहो, पाणी कशाला आणलंत? आपल्या नळांना काय धाड भरलीय?’

हे म्हणाले, ‘तिनेच सांगितलं. हेच पाणी हवं म्हणाली.’ पुढे काही बोलले नाहीत. हे कधीच पुढे काही बोलत नाहीत.

ठकी आमची एकुलती एक. लग्न झालं, स्वतःचा संसार झाला, तरी माझ्या तोंडात ठकीच येतं. जावई उन्हाळ्यात गेले. ऑफिसातून फोन आला की चक्कर आली, आणि आम्ही पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यानंतर ही त्या भाड्याच्या घरात एकटीच हट्टाने राहिली. आता जागा सोडायची वेळ आली तेव्हा कुठे इकडे यायला तयार झाली. मासे जावयांचे. लाल-निळे गप्पी, चमकत्या रेघेचे इवलेसे टेट्रा, आणि तळात वाळू हुंगत फिरणारा एक मिशीवाला. दिवाणखान्यात टँक लावून होईपर्यंत ठकी उभी राहिली, मग आत जाऊन झोपली.

मी सुटकेस उघडल्या. सगळं कोंदट. मशीन दोनदा लावलं. एका सुटकेसच्या तळाशी प्लॅस्टिकची पिशवी होती, घट्ट गाठ मारलेली. आत उशीचा एक अभ्रा. मळका, डोक्याच्या तेलाचा डाग पडलेला. असला अभ्रा कुणी गाठी मारून जपून ठेवतं का? उकळत्या पाण्यात घातला. पांढराशुभ्र निघाला.

तीच कथा माशांच्या फिल्टरची. त्यातला स्पंज चिखलाच्या रंगाचा, हाताला बुळबुळीत. आयुष्य गेलं माझं ऑपरेशनची अवजारं निर्जंतुक करण्यात. खात्यातल्या मुली मला माघारी वाफबाई म्हणायच्या, मला ठाऊक होतं आणि आवडायचंही. जुना कुकर मी असल्याच कामांना ठेवलाय. स्पंज त्यात घातला, चांगल्या शिट्ट्या काढल्या. खाली काय काळं पाणी सुटलं! जावई स्वभावाने फार चांगले होते, पण घर म्हणून कसं ठेवायचे देव जाणे.

६ नोव्हेंबर

अभ्रा इस्त्री करून ठकीच्या उशीला घातला होता. काल सकाळी तिला दिसला. तिने तो काढला, नाकाशी धरला, बराच वेळ धरला. मग सुटकेस उचकली, पिशवी शोधली. ‘त्यातलाच का हा?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘बघ तरी, डाग शोधून सापडायचा नाही.’

ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, ती आज संध्याकाळपर्यंत तशीच. चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला. ‘बरं झालं आई’ एवढं तरी म्हणावं माणसाने! पण प्रवास, सामानाची ओढाताण, थकली असेल. दोन दिवस झोपली की ताळ्यावर येईल.

मासे मात्र मजेत आहेत. टँक आता नुसता लखलखतोय. हे खुर्ची ओढून समोर बसतात आणि पेपर वाचायचं नाटक करतात.

११ नोव्हेंबर

कुठेतरी पाणी मुरतंय. मासे सुस्तावलेत.

गप्पी एरवी काचेवर धावून येतात, ते एका कोपऱ्यात पंख मिटून नुसते तरंगतायत. टेट्रांचा घोळका विस्कटलाय, जो तो आपापल्या पानाआड. आणि तो मिशीवाला! त्याची जागा तळात, पण सारखा वर येऊन हवेचा घोट घेतोय आणि धपकन खाली पडतोय. खायला घातलं तर दाणे तसेच तळाशी बसतात.

मी म्हटलं, पाणी खराब झालं असणार. आज कंबर कसली. मासे बादलीत काढले, टँक रिकामा केला, वाळू सात-आठ पाण्यांनी धुतली, काचा घासल्या, नळाचं ताजं पाणी भरलं. स्पंज परत कुकरला लावला. मासे आत सोडले तर क्षणभर वेड्यासारखे धावले. मला वाटलं, आली तरतरी. संध्याकाळी पाहिलं तर आधीपेक्षाही मलूल.

ठकीचं तसंच चाललंय. केस विंचरत नाही. दोन घास खाते न खाते. मी तिच्या खोलीतले पडदे सकाळी सर्रकन ओढते, खिडक्या उघडते, की उजेडाने तरी उठेल. उठत नाही. डोक्यावर पांघरूण घेते. मला खरं सांगायचं तर राग येतो. माझी आई गेली तेव्हा मी आठवड्याच्या आत कामावर होते.

१४ नोव्हेंबर

दोन टेट्रा गेले. त्यांची ती चमकती रेघ मेल्यावर विझून जाते. मी गुपचूप काढून कुंडीत पुरले. ठकीला सांगितलं नाही.

दुपारी रंगीत माशांच्या दुकानात गेले. दुकानदार तरुण आहे, पण बोलणं म्हाताऱ्यासारखं, प्रत्येक वाक्याआधी उसासा.

‘मासे सुस्त झालेत,’ मी म्हटलं.

‘फिल्टर साफ करता ना?’

‘म्हणजे काय! मला विचारताय?’

‘नाही, बरेच जण करत नाहीत,’ असं म्हणून त्याने उसासा सोडला आणि तो विषय तिथेच मिटला. मग म्हणाला, सुस्त माशांना लगेच औषधांचा मारा करायचा नाही. दिवा बंद ठेवा, काचेवर कापड टाका, त्यांना अंधार बरा वाटतो. एक-दोन दिवस खायला घालू नका. हवेचे बुडबुडे वाढवा. पाणी गार पडलं असेल तर गरम करा, पण हळूहळू. पाणी बदलायचं ते थोडं थोडं, तेही बादलीत काढून ठेवलेलं. काचेवर टकटक करायची नाही. आणि वाट बघा.

‘बस? एवढंच?’

‘एवढंच जमत नाही लोकांना,’ तो म्हणाला, आणि शेवटी एक निळं औषध विकलंच मला.

घरी येऊन टँकवर जुना टॉवेल टाकला. दिवा काढला. हे बघत होते. जरा वेळाने म्हणाले, ‘माशांना अंधार करतेस, आणि तिचे पडदे ओढून काढतेस.’

मी म्हटलं, ‘ती काय मासा आहे?’

हे पेपरात शिरले. पण मला ते शब्द दिवसभर टोचत राहिले, का ते कळत नाही.

१७ नोव्हेंबर

निळं औषध घातलं. पाणी निळं झालं, मासे काही हुशार झाले नाहीत. अजून दोन गेले.

आज ह्यांच्याशी कडाक्याचं भांडण. म्हणजे मी भांडले, हे उभे होते. हे म्हणतात, ठकीला मनाच्या डॉक्टरांना दाखवूया. बँकेच्या वरच्या मजल्यावर एक डॉक्टरीण बसते, चांगली आहे म्हणे. मी म्हटलं, माझी पोरगी वेडी नाही. जन्म दवाखान्यात काढलाय मी, मला शिकवू नका. दुःख झालंय, दुःखावर औषध नसतं, अंगावर पाणी घेतलं आणि कामाला लागलं की माणूस सुधारतं.

आणि म्हणून मी गेले तिला न्हाऊ घालायला. केसांच्या जटा झाल्या होत्या, उशीला वास मारत होता. दंडाला धरून उठवायला गेले तर ती केवढ्यांदा ओरडली! ‘हात लावू नकोस मला! मलाही उकळशील!’

इतक्या दिवसांत तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं धड वाक्य. आणि ते हे असं. मी उकळीन म्हणजे काय? काहीच्या बाही बोलतेय पोरगी. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तो वाहत असेपर्यंत रडून घेतलं.

२० नोव्हेंबर

आज काय झालं ते नीट लिहायला हवं.

दुपारी मी टँकपाशी स्पंज काढत होते. ठकी पाणी प्यायला उठली होती. स्वयंपाकघराच्या दारात थांबली आणि टँककडे बघत राहिली. पायात चपला नाहीत, ओठ फुटलेले.

‘बाकीचे कुठेत?’

‘असतील की. लपलेत पानांत.’

तिने टॉवेल बाजूला केला. वाकून मोजल्यासारखं पाहिलं. दोन गप्पी आणि तळाशी मिशीवाला, बस. मी खोटं बोलले ते तिला कळलं. माझ्या हातातल्या स्पंजकडे तिचं लक्ष गेलं.

‘हा नवीन आणलास?’

‘छे! तोच. धुतलाय.’

‘कशात धुतेस?’

‘कुकरमध्ये. वाफेवर. एक जंतू राहत नाही.’

ती खाली बसली. तिथेच, फरशीवर. आणि हसायला लागली. मला बरं वाटलं, म्हटलं हसली बाई एकदाची. पण ते हसू थांबेना, आणि मग ते हसू नव्हतंच.

‘आई, माशांची घाण पाण्यात विरते, त्याचं विष होतं. दिसत नाही ते. स्पंजात जंतू असतात, ते ते विष खातात. म्हणून मासे जगतात. तो स्पंज घाण नव्हता. तोच तर टँक होता. बाकी नुसती काच.’

मी म्हटलं, ‘जंतू मारायचेच असतात. आम्हाला तेच शिकवलं.’

‘त्याला वर्ष लागलं हे पाणी तयार करायला. तो म्हणायचा, पाणी मुरावं लागतं. घाई केली की मासे मरतात. कुणी टँक आणायचं म्हटलं की त्याचं एकच, आधी पाणी मुरू दे.’

मुरू दे म्हणे. लोणचं मुरतं, पावसाचं पाणी जमिनीत मुरतं. पाण्यातच पाणी मुरतं हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मग ती उठली आणि जाता जाता म्हणाली, ‘अभ्रासुद्धा तूच उकळलास ना.’ विचारलं नाही, सांगितलं.

स्पंजाचं चाललं होतं, मध्येच अभ्रा कुठून आला? मी ह्यांना विचारलं. हे चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, ‘अगं, जावयांच्या उशीचा होता तो. वास होता त्यात. तेवढाच उरला होता.’

‘तुम्हाला ठाऊक होतं?’

‘टेम्पोत बसल्यावर ती पिशवी मांडीवर घेऊन होती.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘मी चहा करून येईपर्यंत तू वाळतसुद्धा घातला होतास.’

२१ नोव्हेंबर

काहीही केलं नाही आज. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिले. सकाळची भांडी तशीच पडलीत.

मी आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही असं मला वाटायचं. हातून चुकून चिमटा खाली पडला तर पूर्ण ट्रे परत वाफेला लावायची मी. कुणाच्या जखमेत माझ्यामुळे काही गेलं नाही. आणि पोटच्या पोरीजवळ तिच्या नवऱ्याचं शेवटचं जे होतं ते मी साबणाने धुऊन, इस्त्री करून, वर शाबासकीची वाट बघत बसले.

संध्याकाळी धीर करून तिच्या दारात गेले. विचारलं, ‘ठकी, अजून काही असेल का गं त्यांचं? एखादा शर्ट, मफलर?’

‘तूच कपाट रिकामं केलंस ना आई, तेराव्याच्या आधी. गठ्ठे बांधून दिलेस.’

हो, दिले होते. मीच. म्हटलं होतं, डोळ्यांसमोर नकोत, त्रास होतो. पडदे ओढायला हात गेला होता तो मागे घेतला आणि बाहेर आले.

२३ नोव्हेंबर

आज मी घाण आणली. मागून आणली.

दुकानदाराला खरं ते सांगितलं, कुकरसकट. तो इतका वेळ उसासला की मला वाटलं आता थांबतच नाही. मग म्हणाला, ‘चूक माझीही आहे. मी साफ करता का विचारलं, कसं ते विचारलं नाही.’ त्याने त्याच्या जुन्या टँकच्या फिल्टरमधला एक स्पंज काढला. काळपट तपकिरी, थेंब गळतायत, वास असा की विचारू नका. टँकच्याच पाण्यात बुडवून पिशवीत बांधला. ‘वाळू देऊ नका. नळाखाली धरू नका. लगेच लावा. आणि मग हात बांधून बसा.’

बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. शेजारची बाई सरकून बसली. एरवी मीच सरकले असते, आणि नाकाला पदर लावून चार शब्द ऐकवलेही असते. पिशवीत हजारो जीव होते आणि सगळे तेच, ज्यांना मी आयुष्यभर मारलं. मला सारखं वाटत होतं, पिशवी गार पडू नये.

फिल्टरमध्ये लावला. बादलीत रात्रीपासून पाणी काढून ठेवलं होतं, त्यातलं मगभर घातलं, मगभर काढलं. हात नुसते शिवशिवत होते. काचेवर तपकिरी ओघळ आला, तो पुसला नाही. ठकीला जाऊन सांगितलं, ‘दुकानातल्या टँकचा स्पंज आणलाय. मळकाच लावलाय.’

‘बरं,’ ती म्हणाली. पांघरुणातूनच.

२९ नोव्हेंबर

गप्पींपैकी एक गेला. उरला एक, आणि मिशीवाला. ते दोघेही जगतील असं नाही. दुकानदार म्हणतो, विष एकदा अंगात भिनलं की पाणी सुधारलं तरी काही मासे जातात, उशिरा जातात.

रोज मग-मग पाणी. दिवा नाही. खायला एखादा दाणा. ही सगळी न केल्यासारखीच कामं. संध्याकाळ झाली की वाटतं, दिवसभरात मी काहीच केलं नाही. आणि तरी दमते.

ठकी उठत नाही. अभ्र्याचं मी कुठून मागून आणू? तसलं दुकान नाही. हे परत डॉक्टरांचं म्हणाले. या वेळी मी भांडले नाही, पण होही म्हटलं नाही. तिला तिथे नेलं की चारचौघांत झालंच ते. अजून थोडं थांबून बघू.

४ डिसेंबर

आज कधी एकदा लिहीन असं झालंय. ठकी उठली!

सकाळी स्वतःहून न्हायली. केस विंचरले, वेणी घातली. चेहरा उतरलाय पण शांत दिसत होता, कितीतरी दिवसांनी शांत. खोली आवरली, कपाटाचे खण रिकामे करून कपडे वेगळे काढले, ‘हे कुणाला तरी देऊन टाक’ म्हणाली. चादर अशी घातली होती की माझ्या खात्यात नोकरी दिली असती. ह्यांना जावयांचं घड्याळ दिलं. ‘बाबा, पडून राहण्यापेक्षा तुम्ही वापरा.’ हे कसनुसे झाले. मला तिची चांगली राखाडी शाल दिली. मी नको नको म्हणत होते, तिने खांद्यावरच टाकली. मऊ आहे फार.

दुपारी मला टँकपाशी बसवून सगळं शिकवलं. पाण्याला हात लावून ऊब कशी बघायची. स्पंज फार तुंबला तरच, आणि तोही टँकमधल्याच काढलेल्या पाण्यात, दोनदा हलकं पिळायचा. मिशीवाल्याला मीठ चालत नाही, औषध म्हणून कुणी कितीही सांगितलं तरी घालायचं नाही. मी पोरीसारखी ऐकत होते. मग मगभर पाणी मी तिच्यादेखत बदललं. एक थेंब सांडला नाही.

ती हसली. माझ्या हातावर हात ठेवला, आपणहून. म्हणाली, ‘आई, तुला आता सगळं येतं. माझ्यावाचून अडणार नाही.’

सोनं झालं दिवसाचं. पाणी सुधारलं तशी तीही सुधारली. उगाच डॉक्टर डॉक्टर करत होते हे. आता जरा पडते म्हणाली आणि आत गेली. दार लोटलंय.

माझ्यावाचून अडणार नाही, म्हणाली.

हे वाक्य लिहिलं आणि परत वाचलं. माझ्या खात्यासमोरच वॉर्ड होता. तिथली एक जुनी नर्स सांगायची, जीव द्यायला निघालेला पेशंट अचानक शांत झाला, वस्तू वाटायला लागला, की ती हातातलं काम टाकून त्याच्याजवळ खुर्ची ओढते.

घड्याळ. शाल. कपाट.

त्याच दिवशी, संध्याकाळी

दार उघडलं तेव्हा ती पलंगावर बसली होती. वेणी तशीच, हात मांडीवर. मी खुर्ची ओढली. एकदम विचारलं.

‘ठकी, तू जायचं ठरवलंयस का?’

कुठे, असं तिने विचारलं नाही. त्यावरूनच कळलं.

‘मला काही येत नाही,’ मी म्हटलं. ‘दुपारी शिकवलंस ते सगळं मी विसरले. ऊब बघता येत नाही मला, माझे हात वाफेने मेलेत कधीचे.’

‘आई, तुला येतं.’

‘नाही येत. तू गेलीस ना, की दुसऱ्या दिवशी तो स्पंज मी कुकरला लावीन. खोटं सांगत नाही. मला ओळखतेस तू. ही खोली धुऊन काढीन. तुझं अंथरूण उकळीन, कपडे उकळीन, फरशी फिनेलने तीनदा पुसीन. मला दुसरं काही करताच येणार नाही. आणि मग बसेन तुझं काहीतरी नाकाला लावून, पांढरंशुभ्र, आणि त्याला कसलाच वास नसेल.’

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘उकळशील तू.’

‘उकळीन.’

‘खरंच उकळशील.’

‘मग सांगतेय काय?’

तिचा चेहरा मोडला. मी पदर पुढे केला होता तिचे डोळे पुसायला, तो तसाच हातात राहिला. पुसले नाहीत. ती रडत होती तोवर मी बसून राहिले, आणि मीही रडले, नळ न सोडता.

‘मला झोपही येत नाही आणि उठवतही नाही,’ ती म्हणाली. ‘इतकं दमायला होतं की वाटतं, पुरे.’

‘माझ्याच्याने हे बरं व्हायचं नाही,’ मी म्हटलं. ‘मी करून बघितलं, आणि सगळे मेले. आपण त्या बाईंकडे जाऊ. आत्ता. माझ्यासाठी चल हवं तर.’

तिने मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही, मी हो धरलं. ह्यांना हाक मारली. हे दाराबाहेरच उभे होते, पायात बूट घालून.

५ डिसेंबर

ठकीला हॉस्पिटलात ठेवून घेतलं. काल डॉक्टरीणबाई तिच्याशी दार लावून बोलल्या, मग मला आत बोलावलं. वयाने ठकीएवढ्याच असतील. म्हणाल्या, काही दिवस चोवीस तास कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, ते घरी जमणार नाही. वेळेवर आणलंत म्हणाल्या. मी म्हटलं, उशिरा आणलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

वॉर्डात माझ्या ओळखीचा वास आहे, फिनेलचा, उकळलेल्या कपड्यांचा. आयुष्यभर मला तो घरचा वाटला. आज मी नाकाला पदर लावला. तिला त्या पांढऱ्या चादरीवर सोडून आलो.

हे घड्याळ काढून टेबलावर ठेवून बसलेत. घालत नाहीत, आत ठेवतही नाहीत. ती बरी होईल का, हे मी कुणाला विचारलं नाही. डॉक्टरीणबाई होईल म्हणाल्या नाहीत, आणि नाहीही म्हणाल्या नाहीत.

१० डिसेंबर

सकाळी शेवटचा गप्पी गेला. पानावर आडवा पडला होता.

दुपारी वॉर्डातून फोन आला, पेशंटना तेवढ्याच वेळेत बोलू देतात. ठकीचा आवाज घोगरा, औषधांनी जड झालेला. एकेक शब्द ओढून आणल्यासारखा.

‘मासे?’

म्हणणार होते, मजेत आहेत. म्हटलं नाही. ‘गप्पी गेला गं. सकाळी.’

पलीकडे श्वास तेवढा ऐकू येत होता. मला वाटलं, सांगून चूक केली, आता हा फोनही गेला.

‘आणि तो?’

‘मिशीवाला आहे.’

‘काय करतोय?’

मी टँकपाशी गेले. टॉवेल जरासा उचलला. तो तळाशी वाळूत पोट टेकून होता, एका जागी. मिशासुद्धा हलत नव्हत्या. गाल तेवढे हलत होते, हळू, खूप हळू.

‘काही नाही. पडून आहे.’

‘श्वास घेतोय?’

‘घेतोय.’

‘वर येतोय का सारखा?’

‘नाही. खालीच आहे.’

मग म्हणाली, ‘मीपण पडून आहे, आई.’

कितीतरी गोष्टी तोंडाशी आल्या. ऊठ, खाऊन घे, खिडकी उघडायला सांग, केस विंचर. मी टॉवेल परत काचेवर सोडला.

‘असू दे,’ मी म्हटलं.